थायरॉईडसाठी किरणोत्सारी आयोडीन : दुष्परिणामांविषयीच्या एका प्रश्नाला उत्तर

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी मांडते, म्हणजे मी कशाचे उत्तर देते आहे हे इतर वाचकांनाही कळेल. तुमचे वय ३४ आहे आणि तुम्ही रत्नागिरी जिल्ह्यातील एका प्राथमिक शाळेत शिकवता. अडीच वर्षांपूर्वी ग्रेव्हज आजाराचे, म्हणजे थायरॉईड ग्रंथी जास्त काम करण्याच्या एका आजाराचे निदान झाले, दीड वर्ष कार्बिमॅझोल ही ग्रंथी दाबणारी गोळी घेतल्यावर गोळी थांबवली आणि चार महिन्यांतच धडधड, घाम आणि वजन उतरणे पुन्हा सुरू झाले. आता गोळी परत चालू आहे आणि तुमच्या डॉक्टरांनी मुंबईला जाऊन किरणोत्सारी आयोडीन घेण्याचा सल्ला दिला आहे. त्याने केस गळतात का, कर्करोग होतो का आणि पुढे आयुष्यभर गोळी घ्यावी लागते हे खरे का, असे तीन प्रश्न तुम्ही विचारले आहेत. घरात चार वर्षांची मुलगी आहे, दुसऱ्या मुलाचा विचार आहे आणि सकाळी उठल्यावर डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, एवढे तुम्ही शेवटी जाता जाता लिहिले आहे.

मी गेली २४ वर्षे न्यूक्लिअर मेडिसिन, म्हणजे किरणोत्सारी औषधांनी तपासणी आणि उपचार करणाऱ्या विभागात काम करते आणि थायरॉईडच्या रुग्णांना हा डोस देणे माझ्या नेहमीच्या कामाचा भाग आहे. तुमच्या तीन प्रश्नांची उत्तरे देता येतात आणि ती मी देणारच आहे, पण तुमचा निर्णय त्या तिन्हींवर अवलंबून नाही. तो अवलंबून आहे तुम्ही शेवटी लिहिलेल्या दोन गोष्टींवर, म्हणजे डोळ्यांवर आणि दुसरे मूल केव्हा हवे आहे यावर. तुमचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे जिथे उत्तर परिस्थितीप्रमाणे बदलते तिथे तसे स्पष्ट सांगते.

सुरुवातीला शब्दांचा एक घोळ दूर करते, कारण त्यामुळे पुढे चुका होतात. टीएसएच म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारा, मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीचा हार्मोन. आपल्याकडे त्याचा आकडा वाढला की लोक ‘थायरॉईड वाढला’ म्हणतात, पण टीएसएच वाढतो तेव्हा ग्रंथीचे काम बहुधा मंदावलेले असते. तुमच्या आजारात उलट आहे. ग्रंथी गरजेपेक्षा जास्त हार्मोन बनवते, त्यामुळे टी-३ आणि टी-४ हे तिचे हार्मोन वाढतात आणि टीएसएच शून्याच्या जवळ जातो. शेजारच्या कुणाला थायरॉईड आहे आणि त्यांना अमुक गोळीने बरे वाटले, असे कुणी सांगितले तर ती गोळी बहुतेक वेळा तुमच्या आजाराच्या विरुद्ध टोकाची असते.

किरणोत्सारी आयोडीन काय करते हे समजले की त्याचे दुष्परिणाम कुठे होऊ शकतात आणि कुठे नाही, हे बरेचसे आपोआप उलगडते. थायरॉईड ग्रंथीला हार्मोन बनवण्यासाठी आयोडीन लागते आणि ती रक्तातले आयोडीन ओढून साठवते. ते मिठातून आले की कॅप्सूलमधून, हा फरक तिला कळत नाही. आयोडीन-१३१ मधून निघणारे बीटा कण पेशींमध्ये जास्तीत जास्त दोन मिलिमीटरच्या आसपास जातात, त्यामुळे त्यांचा मारा जवळजवळ पूर्णपणे ग्रंथीवरच होतो आणि पुढच्या काही आठवड्यांत तिच्या पेशी निकामी होत जातात. त्याच आयोडीनमधून गॅमा किरणही निघतात. ते शरीराबाहेर येतात, आणि घरच्यांपासून अंतर ठेवायला आम्ही सांगतो ते त्यांच्यामुळे. ग्रंथीत न शिरलेले आयोडीन पहिल्या दोन-तीन दिवसांत मुख्यतः लघवीवाटे निघून जाते आणि उरलेल्याचा किरणोत्सार दर ८ दिवसांनी निम्मा होत जातो. हा उपचार नवा नाही. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. सॉल हर्ट्झ यांनी १९४१ मध्ये तो पहिल्यांदा दिला, आणि आपल्याकडे परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून उभे आहे. एखाद्या औषधाचे दूरगामी परिणाम तपासायला लागतो तेवढा काळ या औषधाला मिळालेला आहे.

तुम्ही ऐकलेल्या भीतीदायक गोष्टींपैकी बऱ्याच थायरॉईडच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या असाव्यात. तिथे शस्त्रक्रियेनंतर ३० ते १५० मिलिक्युरी (किरणोत्सार मोजण्याचे एकक), कधी त्याहूनही जास्त मात्रा देतात, मोठ्या मात्रेसाठी वेगळ्या खोलीत ठेवतात आणि लाळग्रंथी सुजणे, तोंड कोरडे पडणे, चव जाणे हे त्रास तिथे खरोखर दिसतात. ग्रेव्हजमध्ये मात्रा साधारण १० ते १५ मिलिक्युरी असते, कॅप्सूल किंवा पाण्यासारखे द्रव गिळून बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी जातात आणि लाळग्रंथींचा त्रास क्वचितच होतो. औषध एकच असले तरी मात्रेतला हा फरक फार मोठा आहे, म्हणून कुणाचाही अनुभव ऐकताना त्यांना कोणत्या आजारासाठी किती मात्रा दिली होती हे आधी विचारावे.

आता दुष्परिणाम काळाच्या क्रमाने सांगते. पहिल्या दिवशी काहींना मळमळ होते, पण ती टिकत नाही. पहिल्या आठवडाभरात थोड्या रुग्णांना गळ्यात पुढच्या बाजूला दुखते, गिळताना जाणवते, क्वचित सूज येते. ग्रंथीला आतून दाह झाल्याचे ते लक्षण असते आणि साध्या वेदनाशामक गोळीने ते काही दिवसांत शमते. पहिल्या एक-दोन आठवड्यांत आणखी एक गोष्ट घडू शकते आणि तिच्याबद्दल रुग्णाला आधीच सांगितलेले नसले तर तो घाबरतो. ग्रंथीच्या पेशी फुटू लागल्या की त्यांत साठलेले हार्मोन रक्तात सांडते, त्यामुळे धडधड, थरथर आणि घाम कमी होण्याऐवजी काही दिवस वाढतात. याचा अर्थ उपचार फसला असा होत नाही. हा धोका कमी करण्यासाठी आम्ही आधी कार्बिमॅझोलने हार्मोनची पातळी खाली आणतो. ती गोळी डोसच्या काही दिवस आधी थांबवावी लागते, नाहीतर आयोडीनचा परिणाम कमी होतो. किती दिवस आधी थांबवायची आणि नंतर पुन्हा सुरू करायची का, हे प्रत्येक केंद्रात थोडे वेगळे असते. धडधडीसाठी प्रोप्रानोलॉलसारखी गोळी या काळात चालू ठेवता येते. दमा असेल तर मात्र ते आधी सांगायलाच हवे. ताप येऊन नाडी फार वेगाने चालू लागली, उलट्या होऊ लागल्या, धाप लागली किंवा माणूस भ्रमिष्टासारखे बोलू लागला तर फोनवर सल्ला घेत बसू नये, सरळ इस्पितळ गाठावे. असे फार क्वचित घडते आणि बहुतेकदा ज्यांची पातळी आधी खाली आणलेली नसते किंवा ज्यांचे हृदय आधीच दुबळे असते त्यांच्यात घडते.

तुमचा तिसरा प्रश्न आयुष्यभराच्या गोळीचा आहे. होय, ती लागेल असेच धरून चालावे. ग्रेव्हजमध्ये पुरेशी मात्रा दिल्यावर बहुतेक रुग्णांची ग्रंथी सहा महिने ते वर्षभरात इतकी मंदावते की बाहेरून थायरॉक्सिन, म्हणजे टी-४ची गोळी, द्यावे लागते. याला मी दुष्परिणाम म्हणत नाही. आम्ही तेच साधायचा प्रयत्न करत असतो. ग्रंथी नेमकी निम्मीच निकामी व्हावी आणि उरलेल्या निम्मीने आयुष्यभर बेताने काम करावे, अशी मात्रा मोजून देता आली असती तर कुणाला नको होती? पण तसे भरवशाने जमत नाही. जपून दिलेल्या छोट्या मात्रेनंतर अनेक रुग्ण वर्ष-दोन वर्षे पुन्हा वाढलेल्या हार्मोनमध्येच राहतात आणि तो काळ हृदयाला आणि हाडांना महागात पडतो. म्हणून निश्चित परिणाम साधणारी मात्रा द्यावी आणि गोळीची तयारी ठेवावी, असे माझे मत आहे. इतके करूनही शंभरातल्या दहा ते वीस जणांना, विशेषतः ग्रंथी मोठी असेल तर, सहा महिन्यांनंतर दुसरा डोस लागतो. थायरॉक्सिन स्वस्त आहे, मात्रा जुळली की त्याचा जाणवण्यासारखा त्रास नसतो, आणि सकाळी उपाशीपोटी, चहाच्या अर्धा-पाऊण तास आधी ते घ्यायचे एवढीच शिस्त लागते. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या त्यापासून चार तास लांब ठेवाव्यात.

माझ्या अनुभवात खरे नुकसान होते ते मधल्या काही महिन्यांत, डोस झाल्यावर दुसऱ्या महिन्यापासून साधारण सहाव्या महिन्यापर्यंत. एक बाई मला अजून आठवतात. त्या लांबच्या गावाहून आल्या होत्या, डोस घेऊन गेल्या आणि सहा आठवड्यांनी गावाजवळच फक्त टीएसएच तपासला. तो अजून शून्याजवळच होता, म्हणून तिथे त्यांना सांगितले गेले की आजार तसाच आहे, आणि कार्बिमॅझोलची मात्रा वाढवून दिली. कित्येक महिने दबून राहिलेला टीएसएच ग्रंथी थंडावल्यानंतरही काही आठवडे, कधी काही महिने वर येत नाही. त्या काळात खरी स्थिती फक्त फ्री टी-४ (रक्तात मोकळा असलेला टी-४) आणि टी-३ सांगतात. बाईंचा टी-४ तळाला गेलेला असणार आणि वरून ग्रंथी दाबणारी गोळी चालूच होती. पाचव्या महिन्यात त्या माझ्याकडे आल्या तेव्हा चेहरा सुजलेला होता, आवाज घोगरा झाला होता, वजन ११ किलोने वाढले होते आणि ‘त्या किरणांनी माझे वाटोळे केले’ असे त्या म्हणत होत्या. थायरॉक्सिन सुरू केल्यावर तीन-चार महिन्यांत त्या बऱ्या झाल्या. पण ते पाच महिने त्यांना सोसावे लागायला नको होते, आणि त्यांना परत पाठवताना कागदावर ठळक अक्षरांत सूचना न लिहिल्याचा काही दोष आमच्याकडेही होता. तेव्हापासून मी प्रत्येक रुग्णाच्या कागदावर लिहून देते : पहिल्या सहा आठवड्यांच्या आत आणि त्यानंतर दर चार ते सहा आठवड्यांनी, मात्रा स्थिरावेपर्यंत, टीएसएचबरोबर फ्री टी-४ आणि टी-३ तपासावेत. हे तुम्ही तुमच्या वहीत उतरवून ठेवा. थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठ, सुस्ती, हातापायांत पेटके, पाळीत जास्त रक्तस्राव असे काही सुरू झाले तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता तपासणी करावी.

वजनाचे आणि केसांचे उत्तर इथेच आले. या उपचाराने केमोथेरपीसारखे केस जात नाहीत. थायरॉईडची पातळी वर किंवा खाली झपाट्याने बदलली की केस विरळ होतात आणि पातळी स्थिरावली की काही महिन्यांत भरून येतात. आजारात उतरलेले वजन परत येते, आणि आजारात भूक वाढलेली असते ती सवय लगेच जात नाही, म्हणून थोडे जास्तही येऊ शकते. थायरॉक्सिन सुरू व्हायला उशीर झाला तर ते आणखी वाढते.

आता डोळे. ग्रेव्हज हा मुळात प्रतिकारशक्तीचा आजार आहे आणि ती शक्ती जशी ग्रंथीला चेतवते तशीच डोळ्यांमागच्या स्नायूंवर आणि चरबीवरही काम करते. किरणोत्सारी आयोडीननंतर ग्रंथीच्या पेशी फुटतात तेव्हा ही प्रतिक्रिया काही महिने अधिक पेटू शकते. इटलीतील एका अभ्यासात, जो १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला, साडेचारशेच्या आसपास रुग्णांना तीन गटांत विभागले होते. फक्त आयोडीन घेतलेल्यांपैकी सुमारे १५ टक्के रुग्णांमध्ये डोळ्यांचा आजार नव्याने दिसला किंवा वाढला, केवळ गोळ्या घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण सुमारे ३ टक्के होते, आणि आयोडीनबरोबर प्रेडनिसोनचा (प्रेडनिसोलोनसारखेच दाह कमी करणारे स्टेरॉइड) कोर्स दिलेल्या गटात एकाचाही आजार वाढला नाही. पंधरा टक्क्यांतल्या बहुतेकांचा त्रास तात्पुरता होता, पण सुमारे ५ टक्क्यांचा टिकून राहिला. या एका अभ्यासाने आमच्या कामाची पद्धत बदलली, असे म्हटले तरी चालेल. डोळ्यांना धोका वाढवणाऱ्या गोष्टी आता बऱ्यापैकी माहीत आहेत : धूम्रपान, आधीपासून सक्रिय असलेला डोळ्यांचा आजार, टीआरएब या ग्रंथीला चेतवणाऱ्या प्रतिपिंडाची वाढलेली पातळी, आणि डोसनंतर थायरॉईड कमी पडूनही गोळी वेळेवर सुरू न होणे. यातले शेवटचे कारण पूर्णपणे आपल्या हातात आहे, म्हणून वरच्या परिच्छेदातल्या तपासण्यांवर मी एवढी अडून बसते.

तुमच्या डोळ्यांतली वाळू साधी कोरडेपणाची असू शकते, तशीच ती सक्रिय आजाराची सुरुवातही असू शकते, आणि लिहिलेल्या वर्णनावरून हे ठरवणे चुकीचे होईल. म्हणून डोसची तारीख घेण्याआधी, थायरॉईडच्या डोळ्यांचा अनुभव असलेल्या नेत्रतज्ज्ञांकडे जावे. डोळे फिरवताना दुखते का, सकाळी पापण्या सुजतात का, बुबुळाभोवती लाली आहे का, झोपेत डोळा पूर्ण मिटतो का, एकाचे दोन दिसतात का, हे ते पाहतील. रंग फिके दिसू लागले किंवा दृष्टी मंदावली तर ती तातडीची बाब आहे, तिला वाट पाहायला लावू नये. आजार मध्यम किंवा तीव्र आणि सक्रिय निघाला तर मी स्वतः आयोडीन देत नाही. सौम्य असेल तर प्रेडनिसोलोनच्या संरक्षणाखाली देता येते. ते वजनाप्रमाणे ठरवून सुमारे तीन महिन्यांत हळूहळू कमी करत थांबवतात, आणि त्या काळात साखर व रक्तदाब पाहावा लागतो. डोळे पूर्ण शांत असतील आणि धोका वाढवणारे दुसरे काही नसेल तर बहुधा त्याचीही गरज पडत नाही.

दुसऱ्या मुलाच्या विचाराकडे मी तितक्याच गांभीर्याने पाहते. गरोदरपणात हा डोस कोणत्याही परिस्थितीत देत नाहीत, कारण साधारण १० ते १२ आठवड्यांपासून गर्भाची स्वतःची थायरॉईड आयोडीन ओढू लागते आणि ती कायमची निकामी होऊ शकते. म्हणून डोसच्या आधी गर्भधारणा चाचणी करतातच. ‘तशी शक्यता नाही’ असे कितीही खात्रीने सांगितले तरी करतात, आणि त्यात अविश्वासाचा काही भाग नसतो. डोसनंतर किमान सहा महिने गर्भधारणा टाळावी लागते, आणि सहा महिने झाले तरी थायरॉक्सिनची मात्रा स्थिरावलेली नसेल तर आणखी थांबावे लागते. या मात्रेने पुढे मूल होण्याची क्षमता जात नाही आणि नंतर झालेल्या मुलांत जन्मजात व्यंगांचे प्रमाण वाढल्याचे दिसलेले नाही, हे मी निःशंकपणे सांगते. मात्र एक बारकावा बऱ्याचदा सांगायचा राहतो. आयोडीननंतर टीआरएब प्रतिपिंडांची पातळी आधी वाढते आणि मग कित्येक महिने, अनेकांत वर्षाहून जास्त काळ, उंच राहते. हे प्रतिपिंड नाळेतून बाळापर्यंत पोहोचतात आणि आई स्वतः गोळीवर स्थिर असली तरी बाळाच्या थायरॉईडला चेतवू शकतात. म्हणून पुढे कधीही गरोदर राहिलात तर ‘माझी थायरॉईड जाळली आहे, आता तो विषय संपला’ असे न समजता सुरुवातीलाच प्रसूतितज्ज्ञांना ग्रेव्हजचा इतिहास सांगावा आणि टीआरएब तपासून घ्यावा. थायरॉक्सिनची मात्राही गर्भधारणा कळताच वाढवावी लागते.

पर्यायही निर्धोक नाहीत, हे न्यायाने सांगायला हवे. कार्बिमॅझोल गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत बाळात व्यंग निर्माण करू शकते, आणि क्वचित एखाद्यात ते पांढऱ्या पेशी अचानक खाली आणते, म्हणून ती गोळी चालू असताना ताप आणि घसादुखी एकत्र आली की त्याच दिवशी रक्त तपासावे. शस्त्रक्रियेत आवाजाच्या नसेला आणि कॅल्शियम सांभाळणाऱ्या छोट्या ग्रंथींना इजा होण्याचा धोका असतो आणि तो किती, हे शल्यविशारदाच्या हाताखालून अशा किती शस्त्रक्रिया गेल्या आहेत यावर फार अवलंबून असते. थायरॉक्सिनची गोळी तिथेही आयुष्यभर लागते, पण हार्मोन लगेच ताब्यात येते, डोळे बिघडत नाहीत आणि प्रतिपिंड लवकर उतरतात.

इथवरचे तुमच्यापुरते थोडक्यात असे : डोळे शांत असतील आणि दुसरे मूल वर्षभर किंवा थोडे अधिक लांबवता येत असेल तर तुमच्या डॉक्टरांचा सल्ला मला योग्य वाटतो. डोळे सक्रिय असतील, किंवा टीआरएब फार वाढलेला असून तुम्हाला लवकर गरोदर राहायचे असेल, तर आयोडीनच्या आधी अनुभवी शल्यविशारदाचे मत घ्यावे. दोन्हींपैकी काहीच आत्ता नको वाटत असेल तर कमी मात्रेत कार्बिमॅझोल आणखी काही काळ चालू ठेवणे हाही मान्य मार्ग आहे. मात्र त्यावर असताना गर्भधारणा ठरवून, डॉक्टरांना आधी सांगूनच व्हावी.

कर्करोगाविषयीचा प्रश्न मी शेवटाकडे घेतला, कारण त्याचे उत्तर एका ‘हो’ किंवा ‘नाही’त मावत नाही. अमेरिकेत १९४६ पासून उपचार घेतलेल्या रुग्णांचा एक मोठा गट अनेक दशके पाहिला गेला. त्यावर १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३५ हजारांहून अधिक रुग्ण होते, आणि किरणोत्सारी आयोडीनमुळे कर्करोगाने होणारे एकूण मृत्यू वाढल्याचे त्यात दिसले नाही. त्याच गटातील १८,८०५ रुग्णांचा हिशोब २०१९ मध्ये पुन्हा नव्या पद्धतीने मांडला गेला तेव्हा, अवयवाला मिळालेली किरणांची मात्रा जितकी जास्त तितका स्तनाच्या आणि इतर घन (गाठीच्या स्वरूपाच्या) कर्करोगांमुळे मृत्यूचा धोका किंचित वाढतो, असे निष्पन्न झाले. त्या निष्कर्षावर बराच वाद झाला. त्या विश्लेषणात आयोडीन न घेतलेल्या रुग्णांशी तुलना नव्हती, आणि ज्यांना जास्त मात्रा लागली त्यांचा आजारही जास्त तीव्र असण्याची शक्यता होती. मी दोन्ही बाजू वाचून काढलेला अर्थ असा की धोका असलाच तर लहान आहे, पण तो शून्य आहे असे रुग्णाला सांगणे मला प्रामाणिक वाटत नाही. ताब्यात न आलेल्या हायपरथायरॉइडिझमने, म्हणजे वाढलेल्या थायरॉईड हार्मोनने, हृदयाची लय बिघडणे, पक्षाघात आणि हाडे ठिसूळ होणे हे धोके मात्र आजच समोर उभे असतात. तुमच्या वयाच्या रुग्णाने हे दोन्ही एकाच वेळी तोलावेत. घरात जवळच्या नात्यात स्तनाचा कर्करोग झालेला असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे. त्याने निर्णय बदलेलच असे नाही, पण चर्चा पूर्ण होईल.

आयोडीन घ्यायचे ठरले तर तयारीचे थोडे सांगते. कोकणात मासे रोजच्या जेवणात असतात आणि समुद्राच्या माशांत आयोडीन भरपूर असते. ग्रेव्हजसाठी कडक पथ्य लागतेच असे नाही, पण ग्रंथी आधीच आयोडीनने भरलेली नसली की डोस चांगला लागू पडतो, म्हणून मी आठ-दहा दिवस मासे, कोळंबी, सुकट थांबवायला सांगते. आयोडीन असलेल्या व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि जखमेवर लावायचे बीटाडीनही त्या काळात टाळावे. गेल्या दोन महिन्यांत रंगद्रव्य टोचून सीटी स्कॅन झाला असेल तर ते नक्की सांगावे, कारण त्यातल्या आयोडीनमुळे डोस वाया जाऊ शकतो.

परतीचा प्रवास हा तुमच्या बाबतीत खराच प्रश्न आहे. त्याच रात्री एसटीत अनोळखी माणसाच्या खांद्याला खांदा लावून आठ-नऊ तास बसणे टाळावे, कारण शेजारी गरोदर बाई किंवा कडेवर मूल घेतलेली आई असू शकते. खासगी गाडीत चालकाच्या तिरकस मागच्या सीटवर बसावे. पहिले दोन-तीन दिवस पाणी भरपूर प्यावे, लघवी तुंबवू नये, संडासात बसूनच लघवी करावी आणि दोनदा पाणी सोडावे. ताट-वाटी, टॉवेल आणि अंथरूण वेगळे ठेवून कपडे वेगळे धुवावेत. मोठ्या माणसांशी अंतर थोडेच दिवस लागते. लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्यापासून मात्र साधारण दोन ते तीन आठवडे, आणि नेमके दिवस तुमच्या मात्रेवरून केंद्र लेखी देईल. तुम्ही पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवत असाल तर तेवढी रजा लागेल, म्हणून माझ्या शिक्षिका रुग्णांना मी मे महिन्याच्या सुट्टीतली तारीख देते. केंद्राने दिलेले पत्र तीन महिने पर्समध्ये राहू द्यावे, कारण विमानतळावरचे किरणोत्सार शोधणारे यंत्र काही आठवड्यांनंतरही वाजू शकते.

मुलीसाठी सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ते दोन-तीन आठवडे तिला आजोळी ठेवणे. ते जमत नसेल तर तिने वेगळ्या खोलीत दुसऱ्या कुणाजवळ झोपावे आणि तुम्ही तिला मांडीवर घेऊ नये. खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून गोष्ट सांगायला काही हरकत नाही. क्षणभर ती धावत येऊन बिलगली म्हणून तिचे नुकसान होत नाही, मोजायचे असते ते जवळ घालवलेल्या तासांचे आणि रात्रींचे. चार वर्षांच्या मुलीला आईने आधी आठवडाभर रोज थोडे थोडे समजावून सांगितले तर ती बरेच समजून घेते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. नेत्रतज्ज्ञांचा अभिप्राय आणि टीआरएबचा आकडा हातात आला की तो इथे कळवा. डोस, प्रेडनिसोलोन की शस्त्रक्रिया यावर त्यानंतर नेमके बोलता येईल.